वाघ जिंकेल की सिंह? (हापूसची पेटी पणाला आहे, मनावर घ्या)

कांदिवलीकर

रविवारी लेकाला घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो होतो. वय वर्षं नऊ, जाळीच्या बसची पुढची खिडकी त्याने आधीच पटकावलेली. एप्रिलचं ऊन, बस म्हणजे तापलेला तवा. सिंह दिसला तो झाडाखाली आडवा, शेपटीचा गोंडा तेवढा माशा हाकलत होता. वाघ दिसला तो मानेपर्यंत पाण्यात, आमच्याकडे बघायची तसदीही त्याने घेतली नाही. एवढ्या भांडवलावर पोराने प्रश्न टाकला, "बाबा, दोघांना एका पिंजऱ्यात सोडलं तर?"

मी म्हटलं वाघ. बरोबर मेहुणा होता, तो म्हणाला सिंह, राजा काय उगाच म्हणतात? मागच्या सीटवरचे एक काका त्याच्या बाजूने उतरले आणि त्यांच्या सौभाग्यवती माझ्या. बस गेटला लागेपर्यंत उभी फूट. घरी येईस्तोवर हापूसची एक पेटी पणाला लागली.

तेव्हा जाणकारांनी पुरावे द्यावेत. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ नकोत, ते आमच्या दोघांकडेही पोत्याने आहेत.

पोहेवाला

जागा धरून ठेवतो. शंभरी गाठणार हा धागा.

ठेचा_भाकर

राजेहो, हा प्रश्न पडतोच कसा तुम्हाले? मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या मुक्काम डोंबिवली. ताडोब्यातला भरलेला नर एकदा रस्ता ओलांडताना पाहा. जिप्सीच्या समोरून गेला की इंजिन बंद असूनही गाडी हलल्यासारखी वाटते. खांदे, मान, पंजा... कोण सिंह अन् कोण काय! गवा पाडतो तो, एकटा. सिंहाले म्हशीसाठी अख्खं खानदान लागते.

पेटी जिंकली समजा.

सिंहगडी

एकटा पाडतो हे खरं, पण शिकार आणि मारामारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकारीत समोरचा पळत असतो. मारामारीत समोरच्याकडेही तेवढेच सुळे असतात. त्याचा सराव सिंहाइतका दुसऱ्या कुठल्याच मांजरकुळातल्याला नाही. नर सिंहाच्या हातात कळप असतो तो सरासरी दोन-तीन वर्षं, तेवढ्यात बाहेरचे नर येऊन धडकतात. हरला की पिल्लंही मारली जातात. वाघाचीही हद्दीवरून भांडणं होतात, पण तो वास आणि ओरखडे यांवर बरंच निभावून नेतो.

वर आयाळ आहे. मानेला चावा बसतच नाही नीट. चिलखतच ते.

भौतिकबाबा

चिलखताचं बघू नंतर, आधी वजन. कुस्तीत गट वजनावर पाडतात ते उगाच नाही.

"वाघ" आणि "सिंह" हे दोन पैलवान नव्हेत, दोन तालमी आहेत. गीरचा नर सिंह साधारण १६० ते १९० किलो. मध्य भारतातला किंवा तराईतला नर वाघ २०० च्या पुढे सहज जातो. पण सुंदरबनच्या वाघिणी बघा, जेमतेम ७५-८० किलो, आपल्या बिबट्याच्या मोठ्या नराच्या आसपास. आणि आफ्रिकेतला तगडा सिंह घेतला तर तो गीरच्या भाऊबंदाला भारी पडेल. तेव्हा पैज लावताना कुठला वाघ आणि कुठला सिंह हे लिहून घ्यायला हवं होतं. कांदिवलीकर, तुमचा करार रद्दबातल आहे.

दुसरं, ताकद. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि वजन ठरतं घनफळावर. प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट झाला तर जोर चौपट, वजन आठपट. म्हणून मोठा प्राणी एकूण जोरात पुढे, पण स्वतःच्या वजनाच्या हिशेबात मागे. बिबट्या स्वतःएवढं धूड तोंडात धरून झाडावर चढवतो. भरलेल्या नर वाघाला ते झेपत नाही.

आता आयाळ. चिलखत ही समजूत फार जुनी. सेरेंगेटीत काम करणाऱ्या संशोधकांनी खऱ्या सिंहाएवढे बाहुले करून त्यांना वेगवेगळ्या आयाळी चढवल्या आणि मैदानात उभे केले. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. माद्या काळ्याभोर आयाळीच्या बाहुल्याकडे गेल्या आणि नर मोठ्या-काळ्या आयाळीपासून लांब राहिले. म्हणजे आयाळीचं मोठं काम जाहिरातीचं: मी धडधाकट आहे, पंगा घेऊ नका. भांडण व्हायच्या आधीच टळावं, यासाठीची सोय.

सिंहगडी

म्हणजे समोरचा आयाळ बघूनच पळाला. जिंकला की मग सिंह!

भौतिकबाबा

समोरचा सिंह असेल तर. वाघाला ती जाहिरात वाचता येते का?

पवईकर

तुम्ही सगळे मांजरांतच अडकलात. आमच्या पवईच्या तलावात मगरी आहेत, हे किती मुंबईकरांना ठाऊक आहे? पावसाळा संपला की दुपारी मातीच्या उंचवट्यावर एखादी उन्हं खात पडलेली दिसते, जबडा उघडा, दगड वाटावा अशी.

चाव्याच्या जोरात या जमातीच्या जवळपास कुणी येत नाही. अमेरिकेतल्या एका पथकाने सुसरी-मगरींच्या सगळ्या जातींचे चावे यंत्राने मोजले, ते आकडे २०१२ मध्ये आले. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा चावा १६,४०० न्यूटनच्या वर. बाबांच्या भाषेत, साधारण १,६७० किलो वजन त्या दातांवर ठेवल्यासारखं. गंमत म्हणजे जबडा मिटवणारे स्नायू जितके राक्षसी, तितकेच उघडणारे दुबळे. मिटलेलं तोंड चिकटपट्टीने बांधून ठेवता येतं.

रणथंबोरच्या मछली वाघिणीने मगरीशी झुंज घेतली, तिचे सुळे गेले ते मगरींच्या नादात असं सांगतात. ती २०१६ मध्ये गेली, चांगली म्हातारी होऊन. पण शेवटची वर्षं वनखात्याने तिला खाऊ घालावं लागलं. मगर मारली, पण सुळे गेले. हा विजय धरायचा का?

तुळशीवृंदावन

जग्वार राहिला की! वजनाच्या मानाने मोठ्या मांजरांत त्याचा चावा सगळ्यात जबर. बाकीचे गळा धरून गुदमरवतात, हा थेट कवटी फोडतो. केमन नावाची मगर पाण्यातून ओढून काढतो, कासवाची पाठही फोडतो.

अवांतर: चित्त्याचं नावही कुणी घेऊ नये. २०२२ मध्ये कुनोत आणले तेव्हा आमच्या ऑफिसात "आता बिबट्यांची खैर नाही" असं एकाने ठणकावून सांगितलं होतं. चित्ता तरसाला बघून स्वतःची शिकार सोडून जातो. त्याचं पोट धावण्यावर आहे, पाय दुखावला तर उपाशी मरेल.

सिंहगडी

कुनोवरून आठवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गीरचे काही सिंह कुनोत हलवायला सांगितलं होतं. आणि त्याच कुनोत टी-३८ नावाचा रणथंबोरचा एक वाघ जाऊन काही वर्षं राहिला होता. सिंह आले असते तर कांदिवलीकरांच्या मेहुण्याचा निकाल रानातच लागला असता. एरवी एकोणिसाव्या शतकात उत्तर आणि मध्य भारतात दोघंही होते. आता नुसती कल्पनाच करायची.

नाना_करवीरकर

पिंजऱ्यातल्या झुंजीवरून निकाल काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोल्हापुरात साठमारी आहे. शाहू महाराजांच्या काळी तिथे हत्तीचा खेळ व्हायचा. भोवती दगडी भिंती, त्यांत माणूस शिरेल पण हत्ती शिरणार नाही अशी अरुंद दारं. माणसं मस्तीत आलेल्या हत्तीला डिवचून त्या फटींतून सटकायची. आमचे आजोबा त्याच्या गोष्टी सांगायचे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, हत्ती हरायचा का? ते म्हणाले, "हत्तीला कुठं ठाऊक होतं की खेळ चाललाय."

रोमन लोकांनी आखाड्यात काय काय एकमेकांवर सोडलं. अशा ठिकाणी उपाशी, आजारी, चाबकाने घाबरवलेले, कोंडून वाढवलेले प्राणी असतात. त्यावरून जातीची ताकद काढायची म्हणजे लोकलच्या डब्यातली हाणामारी बघून भारताचा कुस्तीसंघ निवडण्यासारखं.

ठेचा_भाकर

नाना, मान्य. मग आता आमच्याच वाघाची फजिती सांगतो, खोटं कशाले बोलू. २०१८ मध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर, ताडोब्यात मटकासूर नावाचा दांडगा नर एका अस्वलीच्या वाटेला गेला. तिच्यासोबत पिल्लू होतं. बघणाऱ्यांनी चित्रण केलं आहे. वाघाने तिला खाली घेतली, मान धरली, वाटलं संपलं. आपलं अस्वल वजनात त्याच्या निम्मंही नसेल. पण ती उठली अन् अशी अंगावर आली की शेवटी वाघ निघून गेला. झिपऱ्या केसांत सुळे नीट रुतत नाहीत, कातडी ढिली असते, अन् वारूळ फोडायची नखं तिच्याकडे आहेतच. मोहाच्या दिवसांत आमच्याकडचा माणूस वाघापेक्षा अस्वलाले जास्त भितो, ते उगाच नाही.

अन् कोळसुंदे! पंधरा-वीस किलोचं रानकुत्रं. दहा-बारा जमून शिट्ट्या मारत मागे लागले की वाघही वाट बदलतो.

भौतिकबाबा

रशियाच्या अतिपूर्वेत याच्या उलट दिसतं. तिथले वाघ अस्वलं खातात, तपकिरी अस्वलंसुद्धा. पण कसं? दबा धरून, मागून, मानेवर. समोरासमोर उभं राहून नव्हे. आणि तीच अस्वलं दुसऱ्या दिवशी वाघाने मारलेलं हरीण बळकावून बसतात. नुसत्या मापात बघायचं तर जमिनीवरचा सगळ्यात मोठा मांसाहारी ध्रुवीय अस्वलच, नर ४००-५०० किलोंचे सर्रास. पण त्याला मुंबईच्या मे महिन्यात उभं केलं तर मी त्याच्याविरुद्ध आमच्या सोसायटीच्या बोक्यावर पैसे लावीन.

आरेवाली

इतके दिवस नुसती वाचत होते. लिहायचं धाडस करते, चूकभूल माफ.

आम्ही आरेत पाड्यावर राहतो. पहिली गोष्ट, आमच्यात "वाघ" म्हणजे तुमचा बिबट्याच. पट्टेवाला वेगळा, त्याला ढाण्या म्हणतात, तो आमच्यातल्या कुणी बघितलेला नाही. पण वाघोबाचं ठाणं आहे, वाघबारसेला नैवेद्य असतो. तेव्हा धाग्याच्या नावात आमचाही वाघ येतो असं धरून लिहिते.

गेल्या थंडीत रात्री दोनच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली. खिडकीच्या फटीतून बघितलं. समोर गोठ्याची बुटकी भिंत, त्यावर तो बसलेला. खांबाचा पिवळा उजेड पाठीवर. खाली आमची तीन कुत्री, काळ्या, मोती आणि शेजाऱ्यांची एक तांबडी. तिघं खांद्याला खांदा लावून, मागे भिंत ठेवून उभी. काळ्याचं वजन किती असेल, वीस किलो? तो भिंतीवरचा तिप्पट. त्याने कान मागे पाडले, दात दाखवले, घशातून फुसफुस केली, एकदा पुढचा पाय खाली टाकून बघितला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं, बाकी अंग दगड. मी घड्याळ नाही बघितलं पण पाय गारठेपर्यंत मी तिथे उभी होते. मग तो उठला, भिंतीच्या पलीकडे उतरला आणि तबेल्यांच्या बाजूला गेला. कुत्री त्यानंतरही तासभर भुंकत होती.

चार दिवसांनी मोतीला नेला. एकटा होता, ओट्याच्या कडेला झोपलेला. भुंकणं नाही, केकाटणं नाही. पाण्याची घागर कलंडली तो आवाज आला फक्त. सकाळी ओट्यापासून झुडपापर्यंत फरफटल्याची रेघ, तीही अर्धीच, पुढे उचलूनच नेलेला.

वाघ तोच होता की दुसरा, मला माहीत नाही. पण ताकद काही चार दिवसांत वाढली नसेल ना? तबेल्यातल्या म्हशींच्या वाटेला तर तो जातच नाही. त्या शिंगं पुढे करून गोल उभ्या राहतात.

आणि सप्टेंबर २०२१ मधलं सगळ्यांनी सीसीटीव्हीवर बघितलंच असेल. आमच्या आरेतच काठी टेकत चालणाऱ्या बाई घराबाहेर बसल्या होत्या, मागून तो आला. त्यांनी पडल्या पडल्या काठीनेच त्याला मारलं आणि तो पळाला. ताकदीचा हिशेब कसा लावणार?

पोहेवाला

ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. दंडवत.

त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यात बिबट्या आणि मांजर एका विहिरीत पडले होते. मांजर कठड्यावर पाठ फुगवून, बिबट्या एका हातावर. खाल्लं नाही त्याने तिला. चिंता वेगळी होती दोघांची.

रानवेडी

आरेवाली ताई, तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. मी काही वर्षं नॅशनल पार्कात कॅमेरे लावण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून जात होते. त्याच कामातून २०१५ मध्ये ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. पार्क जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, भोवती ही एवढी मुंबई. बिबट्यांची एवढी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. हे सगळे ताकदीच्या जोरावर इथे राहिले असते तर रोज बातमी आली असती. ते लपण्यात पटाईत आहेत म्हणून राहिले.

"आजोबा" आठवतो का? २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेजला सोडलेला म्हातारा नर. तो कसाऱ्यावरून, वसईची खाडी ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालत आपल्या पार्कात आला. वाटेत गावं, रेल्वे, कारखाने. कुणाला ओरखडासुद्धा नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीने उडवला.

सिंहगडी आणि ठेचा_भाकर, तुम्हा दोघांनाही एक सांगायचंय. जंगलात जिंकणाऱ्यालाही डॉक्टर नसतो. साळिंदराचा एक काटा पंजात मोडला की वाघाची शिकार बंद पडते. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारली तेव्हा तिचा सुळा मोडलेला निघाला. १८९८ मध्ये केनियातल्या साव्होला रेल्वेच्या मजुरांना, त्यात आपल्याकडून गेलेले कितीतरी होते, खाणाऱ्या दोन सिंहांपैकी एकाच्या सुळ्याच्या मुळाशी गळू होतं. त्याची कवटी शिकागोच्या संग्रहालयात आहे. इतक्या बलाढ्य जनावराला दातदुखीने माणसावर आणलं असावं. म्हणून एवढे हत्यारबंद प्राणी समोरासमोर आले की निम्मा वेळ गुरगुरण्यात जातो आणि मग दोघांतला एक बाजूला होतो.

आणि सगळ्यात मोठा पैलवान डोळ्यांना दिसतच नाही. २०१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले. कॅनाइन डिस्टेंपर, मूळचा कुत्र्यांमधला विषाणू. आपले बिबटेही कुत्री खातात, त्यामुळे आम्हाला धाक याचाच असतो. कचरा उघडा टाकला की कुत्री वाढतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे मी सतरा वेळा सांगितलंय.

सिंहगडी

गीरमध्ये २०२५ च्या मोजणीत ८९१ सिंह झाले म्हणून खूश होतो. तुम्ही पाणी ओतलंत. पण पटलं.

ठेचा_भाकर

मलेही पटलं, पण वाघच.

कांदिवलीकर

सर्वांचे आभार. सगळा धागा लेकाला वाचून दाखवला. भौतिकबाबांचा हिशेब त्याच्या डोक्यावरून गेला, मटकासुराची फजिती तीनदा वाचायला लावली. आरेवाली ताईंचं ऐकताना गप्प होता. मग विचारलं, "काळ्या आता कुठे झोपतो?"

आरेवाली

घरात. दाराला आतून खाट लावतो.

कांदिवलीकर

सांगतो त्याला.

पेटीचा निकाल: मेहुण्याने करार रद्दबातल मानला, कारण कुठला सिंह ते लिहिलेलं नव्हतं. मीही मानला. पेटी काल दोघांच्या पैशांतून आली, चार डझनांची. वरचा थर एकदम पिवळाधमक, खालच्या थरातले सहा डागी निघाले. वरचा थर मेहुणा पिशवीत भरून घेऊन गेला. म्हणाला, सिंहाचा वाटा.